अंधूक उजेडातील साक्ष



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत छायाचित्रणाच्या विषयापुढे आमचे नाव पाहून तुमच्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्हालाही वाटले. आमचे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे उसाच्या फडावर, मोर्चात आणि तालुक्याच्या वाचनालयात झाले. तीस वर्षे ऊसतोड कामगारांची संघटना बांधण्यात गेली. कॅमेरा आमच्या हाती आला तो हौसेने नव्हे. एका हरलेल्या दाव्याने तो आमच्या हाती दिला.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतल्या अवकाळी पावसाने फडाचा चिखल झाला होता. ट्रकला लावलेली फळी ओली होती. डोक्यावर मोळी घेऊन चढणारी एक बाई तीवरून घसरली आणि तिचा पाय मोडला. मुकादम म्हणाला, ती आपल्या कोपीपाशी पडली. आम्ही पोहोचलो तेव्हा दिवस नुकताच उजाडत होता, पाऊस भुरभुरत होता. खिशातल्या फोनने सात-आठ फोटो काढले आणि पुरावा झाला असे समजून आम्ही निर्धास्त झालो. सुनावणीच्या दिवशी साहेबांनी फोटो खिडकीकडे धरला आणि विचारले, "हा ट्रक आहे की डोंगर?" मागे पांढरे आभाळ आणि पुढे काळा ठोकळा! ना फळी दिसत होती, ना ट्रकचा नंबर. दावा गेला. बाहेर आल्यावर ती बाई एवढेच म्हणाली, "भाऊ, तुम्ही तर फोटो काढला होता ना?"

हा प्रश्न आम्हाला झोपू देईना. तालुक्याला एक म्हातारे स्टुडिओवाले होते, त्यांच्याकडे गेलो. फोटो पाहून ते म्हणाले, "पुढारी, हा फोटो पावसाने बिघडवला नाही, आभाळाने बिघडवला." मग त्यांनी जे समजावले ते असे. कॅमेऱ्याला डोळे असतात, समज नसते. समोरचे सारे जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे तो गृहीत धरतो. पांढरे आभाळ चौकटीत आले की उजेड फार आहे असे मानून तो सारेच चित्र काळवंडून टाकतो. उपाय दोन. आभाळ चौकटीतून कमी करा. आणि जे दाखवायचे आहे, त्या अंधाऱ्या भागावर बोट ठेवून तिथला उजेड मोजायला लावा. आभाळ कोरे पांढरे गेले तर जाऊ द्या. दाद मागायची आहे ती आभाळाकडे नव्हे.

दुसरी गोष्ट त्यांनी जुन्या फिल्मच्या डबीतील कागदावरून शिकवली. त्यावर कोष्टक छापलेले असे: लख्ख उन्हात छिद्र १६ वर, ढगाळ पण उजळ दिवशी ८ वर, आभाळ दाट भरले असेल तर ५.६ वर. म्हणजे दाट ढगांत उन्हाच्या एक-अष्टमांशच उजेड उरतो. आपले डोळे आपोआप जुळवून घेतात, म्हणून आपल्याला ते कळत नाही. कॅमेऱ्याला मात्र तेवढा वेळ अधिक उघडे राहावे लागते. तेवढ्यात हात हलतो, माणूस हलतो आणि चित्र फिसकटते. म्हणून कोपर ट्रॉलीला टेकवावे, श्वास रोखावा आणि चढणारी बाई पाय रोवून क्षणभर थांबते तो क्षण धरावा.

पण ढगांचा एक गुण आम्हाला फार उशिरा कळला. दुपारच्या उन्हात पदराखालचा चेहरा काळाठिक्कर पडतो. ढगाळ दिवशी सारे आभाळच दिवा होते. उजेड चहूबाजूंनी येतो आणि डोळ्यांखालच्या खळगाही दिसतात. ज्याला आपण वाईट हवा म्हणतो, ती चेहऱ्याच्या बाबतीत पुष्कळदा न्यायी असते.

पुढे वाचनालयात थोडे वाचन केले. न्यूयॉर्कमध्ये २२ फेब्रुवारी १८९३ रोजी आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हिमवादळात तीन तास उभे राहिले आणि रस्त्यावरच्या घोडागाडीचे चित्र त्यांनी मिळवले. ती कलावंताची चिकाटी. आम्हाला अधिक जवळचे वाटले ते लुइस हाइन. हे शिक्षक. १९०८ पासून अमेरिकेतील बालमजुरांचे फोटो काढत ते गावोगाव हिंडले. गिरणीत शिरू दिले नाही, तर पाळी सुटण्याच्या वेळी दरवाजाबाहेर उभे राहत. आपल्या कोटाच्या गुंड्यांशी मुलांची उंची ताडून ती टिपून ठेवत. १९१६ चा कायदा न्यायालयाने १९१८ मध्ये रद्द केला. टिकणारा कायदा १९३८ मध्ये झाला. तीस वर्षे! फोटो एका दिवसात न्याय देत नाही, पण नाकारणाऱ्याचे तोंड तो अवघड करतो.

हाइन यांच्या गुंड्यांवरून आम्हीही एक धडा घेतला. फळी किती अरुंद हे दाखवायचे, तर तिच्यावर कोयता आडवा ठेवून फोटो काढावा. एक फोटो दुरून, ज्यात ट्रक, फड आणि माणसे एकत्र दिसतील. एक जवळून, ज्यात नंबर वाचता येईल. पावसात भिंगावर छत्री दुसऱ्याने धरावी आणि प्रत्येक फोटोआधी कोरड्या सुती फडक्याने भिंग पुसावे.

पुढे एका डिसेंबरात, नदीकाठच्या दाट धुक्यात, तशीच एक बाई फळीवरून पडली. धुक्यात दुरून काढलेले सारे पांढरे येते, म्हणून आम्ही चार हातांवर जाऊन फोटो काढले. फळी, तिच्यावरचे दव, ट्रकचा नंबर, सारे दिसत होते. या वेळी मुकादमाने कोपीचे नाव काढले नाही. दवाखान्याचा खर्च मिळाला. पहिल्या बाईचा दावा मात्र पुन्हा उभा राहिला नाही. ती आजही लंगडते. तिचे देणे आमच्यावर आहे.

मंडळी, चांगल्या उजेडाची वाट पाहणे ज्यांना परवडते त्यांनी ती खुशाल पाहावी. मोळी पहाटेच्या अंधारात भरली जाते, गटार भर पावसात उपसले जाते. काही दिवसांत मृग लागेल. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आज कॅमेरा आहे. पावसात काम करणारा माणूस दिसला, तर आधी त्याला विचारा. तो हो म्हणाला, तर आभाळाकडे पाठ करा, त्याच्या जवळ जा आणि मगच बटण दाबा.