शिवणयंत्राची मोटर : संथ गतीची कसोटी



पायाने चालविण्याच्या शिवणयंत्रावर हात बसलेली स्त्री कारखानी यंत्रावर प्रथम बसते, तेव्हा तिला भय वाटते ते वेगाचे. पायाचा किंचित दाब पडताच यंत्र धावू लागते, माल हातातून निसटतो आणि बोटे सुईकडे ओढली जातात. असा प्रसंग एकदा आला की ती पुन्हा त्या यंत्राकडे वळण्यास कचरते. ग्रामपंचायतीने अथवा बचत गटाने घेतलेले यंत्र मग धूळ खात पडते. दोष शिकणारीला दिला जातो. वस्तुतः तो पुष्कळदा मोटरीच्या निवडीचा असतो.

कारखानी यंत्रांना पूर्वापार क्लच मोटर जोडण्यात येई. ही मोटर बटन दाबल्यापासून अखंड फिरत राहते आणि पायपट्टी दाबली की क्लचच्या द्वारे तिची गती यंत्रास मिळते. यांपैकी वेगवान मोटरी मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेतात. एवढ्या वेगातून संथ टाका काढावयाचा, तर क्लच अर्धवट लावण्याचे कसब अंगी यावे लागते. सर्वो मोटर मात्र पायपट्टी दाबल्यावरच फिरते. आतील संवेदक तिची स्थिती सांगतो व नियंत्रक त्याप्रमाणे वीज कमीअधिक सोडतो. काम थांबले की मोटरही थांबते; त्यामुळे वीज वाचते आणि खोलीतील घरघरही नाहीशी होते.

तथापि, केवळ ‘सर्वो’ हे नाव पाहून खरेदी करणे पुरेसे नाही. विक्रेता ५५० किंवा ७५० वॅट हा आकडा आणि कमाल वेग सांगतो. परंतु मोटरीची शक्ती ही तिचा वेग व फिरविण्याचा जोर या दोहोंवर अवलंबून असते. भरवेगात मिळणाऱ्या शक्तीच्या आकड्यावरून संथ गतीतील जोर कळत नाही. काही मोटरी मंद गतीत अडखळतात, तर काही एकदम उसळी घेतात. म्हणून विचारावयाचा प्रश्न एकच : ही मोटर कमीत कमी किती वेगाने न अडखळता चालते आणि त्या वेगात जाड माल शिवते काय?

याची परीक्षा सोपी आहे. सरळ टाक्याच्या यंत्रात मुख्य आसाचा एक फेरा म्हणजे एक टाका. मिनिटाला २०० फेरे म्हणजे १० सेकंदांत सुमारे ३३ टाके. टाका ३ मिलिमीटरचा असेल, तर शिवण सेकंदाला १ सेंटीमीटर पुढे सरकते. नवशिक्या हाताला हा वेग झेपतो. चामड्याच्या अथवा कॅनव्हासच्या पिशव्या करावयाच्या असतील, तर त्याच मालाचे पदर घेऊन, घड्याळ लावून टाके मोजावेत. सुई मालात अडून राहिली, तर ती मोटर त्या कामाची नव्हे.

जोर थोडा उणा पडल्यास पुली बदलून पाहावी. मोटरीवरील पुलीचा व्यास निम्मा केला की यंत्राचा वेग निम्मा होतो आणि घर्षणातील तूट वगळता जोर दुप्पट होतो. त्यासाठी पट्ट्याची लांबी मात्र पुन्हा जुळवावी लागते.

मोटर बसविताना फिरण्याची दिशा तपासावी, अर्थिंग पक्के असावे. ज्या यंत्रात तेल पंपाने आपोआप वर चढते, तेथे संथ गतीत ते पुरेसे पोचते की नाही, हेही पाहावे. बहुतेक सर्वो मोटरींत कमाल वेगाला मर्यादा घालता येते. शिक्षकांनी ती आरंभी कमी ठेवावी व हात बसत जाईल तसतशी वाढवावी.

दरपत्रके मागविताना वॅटचा आकडा लिहून थांबू नये. ‘अमुक जाडीचा माल, मिनिटाला २०० टाक्यांच्या गतीने, न अडखळता शिवून दाखवावा,’ अशी अट त्यात घालावी आणि ती पुरी झाल्यावाचून यंत्र ताब्यात घेऊ नये. ज्या स्त्रिया त्या यंत्रावर बसणार, त्यांच्याच हातून ही परीक्षा करवून घेतली, तर पुढे ते यंत्र बंद पडून राहण्याचा धोका पुष्कळ कमी होईल.