भाड्याची खोली आणि ढेकणांचे उत्तरदायित्व



भाड्याच्या घरात ढेकूण निघाले तर उत्तरदायी कोण, हा प्रश्न क्षुद्र वाटला तरी न्यायासनासमोर त्याचा विचार मोठ्या गांभीर्याने झालेला आहे. इंग्लंडात ब्रायटन येथे सर टॉमस मॅरेबल यांनी सामानसुमानासह एक घर पाच आठवड्यांकरिता भाड्याने घेतले, ते ढेकणांनी व्यापलेले पाहून मुदतीपूर्वीच सोडले, आणि मालकाने उरलेल्या भाड्यासाठी दावा लावला. तेव्हा १८४३ साली न्यायमूर्ती पार्क यांनी असा निर्णय दिला की, सामानासह दिलेले घर वास्तव्यास योग्य असावे ही अट करारात लिहिलेली नसली तरी अध्याहृत असते, आणि तिचा भंग झाल्यास भाडेकरू घर सोडण्यास मोकळा असतो. परंतु पुढे अल्पावधीतच, हार्ट विरुद्ध विंडसर या खटल्यात, त्याच न्यायमूर्तींनी सामानाविना दिलेल्या घरास ही अट लागू नाही असे ठरविले.

हा भेद मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे मुंबईच्या कोणत्याही जुन्या चाळीत पाहावे. तेथे मालक रिकामी खोली देतो, खाट भाडेकरूची असते. पण ढेकूण केवळ खाटेत राहत नाही, तो दिवसा भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत, लाकडी तक्तपोशीत दडतो आणि रक्तावाचून कित्येक महिने तग धरतो. एका बिऱ्हाडाने खाट उन्हात टाकली, तिच्यावर उकळते पाणी ओतले, कोपऱ्याकोपऱ्यांत औषध फवारले, तरी सामायिक भिंतीपलीकडून तो पुन्हा येतोच. तो मुळात कोणाच्या वळकटीतून आला हे सिद्ध करणे बहुधा अशक्य असते. म्हणून दोष कोणाचा हे शोधण्यापेक्षा साऱ्या इमारतीवर ताबा कोणाचा हे पाहणे न्यायाचे ठरेल, आणि तो ताबा मालकाचा असतो.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने इमारत सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने हयगय केली तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वजा करावा, मात्र ती वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसावी, अशी तरतूद आहे. भेगा बुजविणे ही दुरुस्ती, हे कोणीही मान्य करील. फवारणीही तिच्यातच धरली पाहिजे, आणि तीही एकदाच नव्हे, कारण औषधातून वाचलेली अंडी एकदोन आठवड्यांत फुटतात.

भाडेकरूचे कर्तव्यही लहान नाही. लोकलज्जेस्तव ढेकणांची वार्ता महिनोन्‌महिने दडविणारी बिऱ्हाडे शेजाऱ्यांची अपरिमित हानी करतात. पहिला ढेकूण दिसताच लेखी कळवावे, आणि फवारणीच्या दिवशी गाद्या, पेट्या, फडताळे रिकामी करून खोली उघडी द्यावी. मात्र तीच खोली उद्या दुसऱ्यास देताना मालकाने मौन धरू नये: ठाऊक असलेला, साधारण दक्षतेने न दिसणारा आणि वापरास बाधक असा दोष भाडेकरूस सांगण्याचे बंधन १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने त्याच्यावर घातलेलेच आहे, आणि भिंतीत दडलेल्या ढेकणाइतका त्या वर्णनास जुळणारा दोष दुसरा क्वचितच सापडेल.