आमचे आबा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस आज्ञा केली की, यंदाच्या संमेलनात आपल्या आजोबांविषयी चार शब्द बोलावेत. आमचे आजोबा कोणी पुढारी नव्हते की कोणत्या संस्थेचे संस्थापक नव्हते. ते मराठा पलटणीतील एक हवालदार होते आणि माणदेशातील एका कोरडवाहू खेड्यातील शेतकरी होते. अशा साध्या मनुष्याविषयी भर सभेत काय बोलावे, असा संकोच प्रथम आम्हांस वाटला. परंतु आम्हां नातवंडांच्या हातून त्यांच्या बाबतीत एक अन्याय घडलेला आहे. त्याची कबुली देण्यास आपल्या माणसांच्या मेळाव्याहून योग्य जागा दुसरी नाही, असा विचार करून आम्ही आपल्यापुढे उभे राहिलो आहोत.

आबांचा जन्म १९२० सालचा. घरी जमीन होती, पण पाऊस नव्हता. अठराव्या वर्षी, कोणाला न सांगता, कमरेला भाकरी बांधून ते घरातून निघाले, आगगाडीच्या रस्त्यापर्यंत पायी गेले आणि बेळगावच्या पलटणीच्या ठाण्यावर जाऊन उभे राहिले. भरती झाल्याचे पत्र घरी आले तेव्हा पणजोबा आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. पहिली मनिऑर्डर आली तेव्हा मात्र ती साऱ्या आळीला दाखवून आले, असे आजी सांगत असे. १९३९ साली आबांचे लग्न झाले आणि १९४० साली त्यांची पलटण, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, समुद्रापार गेली.

त्या पलटणीचा इतिहास आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत १९४१ सालच्या फेब्रुवारी व मार्च या दोन महिन्यांत घनघोर युद्ध झाले. वर कड्यावर शत्रू आणि खाली उघड्या उतारावर आपले जवान, अशी ती लढाई. २७ मार्च रोजी केरेन पडले. आबा म्हणत, ‘‘गोळीपेक्षा तहान वाईट.’’ दुष्काळी मुलखातल्या माणसाने हे म्हणावे, यातच सारे आले. पुढे १९४४ साली ही पलटण इटलीत उतरली आणि टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढली. तेथेच १० जुलै १९४४ रोजी याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांनी, आपल्या तुकडीतील बहुतेक सारे जवान पडले असता, एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर चाल केली, तो मोर्चा जिंकला आणि तेथेच देह ठेवला. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा तो अवघ्या बावीस वर्षांचा तरुण. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे नाव निघाले की आबा हातातले काम खाली ठेवीत आणि थोडा वेळ काही बोलत नसत. आम्ही मुले त्या गप्प बसण्याला कंटाळत असू.

१९४५ साल संपता संपता आबा घरी आले. ते परदेशी गेल्यावर आमच्या आत्याबाईंचा जन्म झाला होता. पाच वर्षांच्या त्या मुलीने बाप पाहिलेलाच नव्हता. खाकी कपड्यातला तो उंच मनुष्य दारात दिसताच ती आजीच्या पदराआड लपली. आबांनी तिला हाक मारली नाही, उचलून घेतले नाही. ते उंबऱ्याबाहेर, ओट्यावर, बूटसुद्धा न काढता बसून राहिले. जेवणाचे ताट बाहेरच घेतले. दिवस कलल्यावर ती पोर आपण होऊन आली आणि त्यांच्या सदऱ्याच्या पितळी बटनावर तिने बोट ठेवले. आत्याबाई ही हकीगत सांगत तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते, आणि सांगताना त्यांचे बोट आपोआप पुढे होत असे.

लढाई संपली तरी आबांचे धाडस संपले नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा गावातील दोघांना घेऊन, फावडी खांद्यावर टाकून ते पाटणकडे निघाले आणि आठ दिवसांनी परतले. १९७२ च्या दुष्काळात घरात दाणा उरला नाही, तेव्हा आपली पदके रुमालात बांधून ते सोनाराकडे गेले. सोनाराने ती घासून पाहिली आणि सांगितले, ‘‘हवालदार, यात चांदी गुंजभरही नाही.’’ आबा हसत परत आले आणि दुसऱ्या दिवशी आजीसह खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर हजर झाले. पदके पुन्हा ट्रंकेत गेली.

आता त्या अन्यायाविषयी. आबा इटलीच्या बैलांची एक गोष्ट नेहमी सांगत. ‘‘आरं पोरांनो, तिथली बैलं आपल्या खिल्लारासारखी पांढरीफेक, पर उंच किती म्हनशीला तर मानसानं हात वर करावा! आन् पाठीला वशिंड न्हाई.’’ वशिंड नसलेला बैल! माणदेशातील पोरांना याहून मोठी थाप कोणती वाटणार? ‘‘मग जू कुठं ठरतं, आबा?’’ असे आम्ही विचारीत असू आणि खो खो हसत असू. पुढे आम्ही शिकलो, मुंबईस नोकरीला लागलो. सुट्टीत घरी गेलो म्हणजे बायकामुलांसमोरही ‘बिनवशिंडाचा बैल’ म्हणून त्यांची थट्टा करीत असू. आबा रागावले नाहीत. एके वर्षी त्यांनी ती गोष्ट सांगणे बंद केले, एवढेच. बैलांबरोबर डोंगर, नदी, सोबती हे सारेच बंद झाले. १९९१ साली ते गेले. घराची डागडुजी करताना त्यांची गंजलेली ट्रंक आम्ही भंगारवाल्यास दिली. पदके आत्याबाईंनी आधीच काढून घेतली होती, म्हणून वाचली. पगारपुस्तक आणि कागद मात्र ट्रंकेबरोबर गेले.

२०२३ सालच्या जुलै महिन्यात वर्तमानपत्रात बातमी आली की, इटलीतील मोन्तोने या गावी नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपाने स्मारक उभारले असून, ‘आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो’ अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर कोरले आहे. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक होते, आणि तेथे देण्यात आलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांनी मिळवले, हेही त्या निमित्ताने वाचनात आले. आम्ही त्या मुलखाची माहिती धुंडाळू लागलो. एका चित्रावर नजर खिळली. कियानिना नावाचे त्या प्रदेशाचे प्राचीन गोवंश : पांढरेशुभ्र, जगातील सर्वांत उंच गुरांपैकी एक, आणि पाठ सरळ, वशिंड नाही.

बंधुभगिनींनो, आम्ही ते चित्र घेऊन आत्याबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘आता कुनाला दाखवतोस?’’ या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आपल्या समाजात असे घर विरळा, ज्या घरातील कोणी ना कोणी पलटणीत नव्हता. आपण त्यांच्या तसबिरींना हार घालतो, पण त्यांचे म्हणणे ऐकून घेत नाही. म्हणून मंडळास आमची नम्र विनंती आहे की, प्रतिवर्षी स्मरणिकेतील काही पाने अशा वृद्धांसाठी राखून ठेवावीत. प्रत्येक कुटुंबाने घरातील जुन्या जवानाचे नाव, गाव, पलटण, भरतीचे साल आणि त्याने सांगितलेली एक तरी गोष्ट लिहून पाठवावी. गोष्ट खरी की खोटी, याचा निवाडा लिहितेवेळी करू नये. ट्रंक भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. आणि ज्यांचे आबा, अण्णा, तात्या आज हयात आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर त्यांच्यापाशी बसावे आणि थट्टा न करता विचारावे, ‘‘पुढे काय झाले?’’

आमच्या आबांना हे विचारावयाचे राहून गेले. आपले राहू नये, एवढ्याचसाठी हे चार शब्द.

जय हिंद, जय महाराष्ट्र.