कोठडीबाहेरच्यांसाठी



साहित्याच्या मांडवात वकिली काढू नका, असं मित्रांनी बजावलं आहे. पण शहागडला येऊन अटकेवर गप्प बसणं मला जमायचं नाही. इथून जवळच, अंतरवाली सराटीत, १ सप्टेंबर २०२३ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, गुन्हे दाखल झाले आणि ते मागे घेणं हीच आंदोलनाची एक मागणी होऊन बसली.

१९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे मुंबईच्या तुरुंगात १५ महिला कैद्यांशी बोलल्या. ५ जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल लागला. त्यात एक आदेश असा होता: अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापा, कोठडीत चिकटवा आणि माणसाला ठाण्यात आणताच त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवा. आपल्या वाङ्मयेतिहासात या पत्रकाची नोंद नाही. असायला हरकत नव्हती!

माझं म्हणणं एवढंच, की ते पत्रक भिंतीच्या आतल्या बाजूला लावायचं ठरलं. आतला माणूस गांगरलेला असतो, मोबाइल त्याच्याकडे नसतो. त्याचे हक्क बाहेर उभ्या असलेल्या भावाला, बायकोला, सरपंचाला ठाऊक हवेत.

त्यांना काय ऐकवलं जातं? "अटक नाही हो, चौकशीसाठी बसवून ठेवलंय." इथेच गफलत होते. २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं हा संविधानाच्या कलम २२ चा नियम आहे. कागदावर अटक दाखवल्यापासून हे तास मोजायचे नसतात. माणसाचं जाणं-येणं अडवलं, की तिथूनच अटक सुरू होते, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितलं आहे. म्हणून नेल्याची वेळ लिहून ठेवा. अटकेची खबर नातलगाला किंवा मित्राला देणं, वकिलाला भेटू देणं, वैद्यकीय तपासणी करणं, हे सगळं नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच एका प्रकरणात पुढचं पाऊल टाकलं. अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, आणि ती फार तर रिमांडच्या २ तास आधीपर्यंत. म्हणजे इथल्या गोंदी पोलीस ठाण्यातल्या माणसाला ती मराठीतच मिळाली पाहिजेत.

आतल्याला कायदा माहीत असला की भागतं, असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत अटक झालेला तरुण कायद्याचाच विद्यार्थी होता. न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. त्याची आई न्यायालयात गेली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. पोलिसांवर सरसकट राग काढणारा मी नाही. नियम पाळणाऱ्या ठाणे अंमलदारालाही बाहेरचा माणूस जाणता असलेलाच बरा.

तेव्हा अध्यक्ष म्हणून एक ठराव मांडतो. त्या पत्रकाची नवी मराठी आवृत्ती आपण काढू या, आणि ती एसटी स्टँडवर, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू या. कोठडीतल्या प्रत्येकाला वकील फुकट मिळतो, आणि त्यासाठी विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक आहे, हे त्यात सगळ्यात वर असावं. मसुदा मी आणला आहे. कलमं मी सांभाळतो, भाषा तुम्ही दुरुस्त करा.