भेटीला सोबत हवी



कारागृहात आईजवळ मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच राहू शकतं. पुढे ते नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जातं. बालगृहातल्या मुलाला आठवड्यातून एकदा तरी आई भेटावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली आर. डी. उपाध्याय खटल्यात सांगितलं. आजीकडे राहणाऱ्याचं काय? एसटीचं भाडं नसतं, मजुरी बुडते, भेट राहते. मी अशा मुलांना घेऊन जाते. आपल्याकडे कारागृहांत ‘गळाभेट’ होते; मध्ये जाळी नसते, मूल थेट कुशीत शिरतं. ज्यांची मुलं येत नाहीत, त्या दाराकडे बघत बसतात. आपल्या बॅचनं चार मुलांचा प्रवासखर्च उचलावा आणि आळीपाळीनं सोबत यावं, एवढंच मागते.