नंबर कुणाच्या नावावर?

मला पत्रिकेवर ‘ग्राहकाचे हक्क’ असा भारदस्त विषय दिलाय. एवढा मोठा विषय मला झेपणार नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो, वकील नाही. म्हणून एका मोबाइल बिलाची गोष्ट सांगतो. तिच्यात माझा थोडा विजय आहे आणि बरीचशी फजिती.

मी पुण्यात नोकरी करतो. अम्मी आणि धाकटी बहीण मिरजेत असतात. बहीण फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन पेशंट बघते. आम्ही तिघांचे नंबर मिळून एक पोस्टपेड फॅमिली प्लॅन घेतला होता. चौथ्या महिन्यात कंपनीचा मेसेज आला : पुढच्या बिलापासून जादा जोडणीचं भाडं वाढेल. बस्स. विचारणा नाही, पर्याय नाही. तुम्ही सही करून करार केलेला असतो आणि समोरचा एका ओळीत तो बदलून टाकतो!

आपल्यापैकी बहुतेक जण अशा वेळी चरफडतात आणि बिल भरतात. मी जरा शोधाशोध केली. ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, २००६ पासूनचा नियम सापडला. ग्राहकानं प्लॅन घेतला, की त्या दिवसापासून सहा महिने कंपनीला त्यातला कुठलाही दर वाढवता येत नाही. कमी करता येतो. ग्राहकाला मात्र त्या सहा महिन्यांतही दुसरा प्लॅन निवडता येतो. म्हणजे बांधील आहे ती कंपनी, आपण नाही. आपल्याला वाटत असतं ते नेमकं उलटं.

१९८ ला फोन लावला. हा तक्रारीचा नंबर, फुकट लागतो. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, “सर, सिस्टिममध्ये दर बदललाय, आम्ही काही करू शकत नाही.” हे वाक्य ऐकून मला हसू आलं. सिस्टिम आमच्यासारखीच माणसं लिहितात. कुठला दर कुठल्या तारखेपासून लावायचा, ते कुणीतरी बसून भरलेलं असतं. तो मुलगा खोटं बोलत नव्हता, पण सिस्टिम म्हणजे काही आभाळ नव्हे. मी त्याच्याकडून तक्रारीचा डॉकेट नंबर घेतला. तुम्हीही तो घ्याच. तो नसेल तर तुमची तक्रार कधी झालीच नाही असं समजा. तक्रारीवर ठरावीक उत्तर आलं, तेव्हा मी कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे गेलो. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला असा अधिकारी ठेवावा लागतो आणि अपिलाला पैसे लागत नाहीत. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत बसत नाही, हे मला तेव्हा कळलं.

इथवर मी हुशार. आता फजिती.

अपिलाचा निकाल यायच्या आधीच माझा संताप अनावर झाला. वाढलेल्या भाड्याचे पैसे कापून घेऊन मी उरलेलं बिल भरलं आणि कंपनी सोडायचं ठरवलं. इंग्रजीत ‘पोर्ट’, एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवला. कोड येतो, तो चार दिवस चालतो, तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. कोड आला नाही. बिलाची मुदत उलटून थकबाकी राहिली असेल, तर तो मिळतच नाही. भांडण खरं की खोटं, हे यंत्राला कळत नाही. म्हणून सांगतो, वादातली रक्कमसुद्धा भरून टाका आणि ती परत मागा. अडवून धरलेत, तर तुमचीच वाट अडते.

मग मी थेट दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाला म्हणालो, “सगळं बंद करा.” तो म्हणाला, “सर, तिन्ही नंबर तुमच्या नावावर आहेत. तिन्ही बंद करू?”

तिन्ही माझ्या नावावर. बहिणीचा नंबर ती बारावीत असताना मी माझ्या आधार कार्डावर घेतला होता. तेव्हा सोयीचं होतं. आज त्याच नंबरावर तिचे पेशंट फोन करतात, बँकेचे ओटीपी येतात, यूपीआय चालतं. बंद केलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी दिला जातो. मी तिथूनच तिला फोन लावला. तिला म्हटलं, कंपनी बदलतोय, नंबर कदाचित जाईल. ती गप्प राहिली. मग म्हणाली, “भाई, कंपनीनं तुला विचारलं नाही म्हणून तू चिडलास. तू मला विचारलंस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला हवं असतं तरी ती कंपनी सोडू शकली नसती, वाद घालू शकली नसती, अपील करू शकली नसती. करारात तिचं नावच नव्हतं. या सभागृहातल्या किती मुलींचं सिम वडिलांच्या, भावाच्या, नवऱ्याच्या नावावर आहे? हात वर करू नका, फक्त आठवून बघा.

काहीही बंद न करता मी परत आलो. थकबाकी भरली. काही दिवसांनी अपिलाचा निकाल आला. दोन महिन्यांचा फरक पुढच्या बिलात वळता झाला आणि सहा महिने संपल्यावर नवा दर लागू झाला. तोवर आम्ही पहिलं काम नाव बदलण्याचं केलं. मी मिरजेला गेलो, दोघं मिळून दुकानात गेलो, कागद दिले. नावबदलाचा अर्ज प्रलंबित असताना पोर्टिंग होत नाही, म्हणून थांबलो. मग तिनं स्वतः मेसेज पाठवला.

प्रीपेडवाल्यांसाठी एक गोष्ट. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले, तेव्हा अनेकांना वाटलं, पोर्टचा मेसेज पाठवायलाही महागडा रिचार्ज मारावा लागेल. नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायनं आदेश दिलाय की रिचार्ज कितीचाही असो, त्यात मेसेजची सोय असो-नसो, पोर्टचा मेसेज गेला पाहिजे.

आणि अपिलातही हरलात तर? बरीच वर्षं उत्तर होतं, लवाद. २००९ च्या एका निकालामुळे टेलिफोनचे वाद ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असं मानलं जाई. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की चालतात. आपण मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल, तर जिल्हा आयोगात शुल्क नाही. तीन-चारशे रुपयांसाठी कोण जाणार, असं कंपन्या धरून चालतात. त्यांचा अंदाज चुकीचा नाही, मीही कदाचित गेलो नसतो.

बहिणीनं मी निवडलेली कंपनी घेतली नाही. मिरजेत तिच्या पेशंटांच्या गल्ल्यांमध्ये जिची रेंज मिळते, ती घेतली. आता तिचं बिल तिलाच येतं. किती येतं, मला माहीत नाही.