रिकामा पाय

रायपूरहून बोलतोय. फौजेत तीस वर्षं टाच आपटली, आणि निवृत्तीनंतर बाथरूममध्ये तोल गेला! तेव्हा ताई-ची शिकायचं ठरवलं. जवळपास शिक्षक मिळेना, म्हणून व्हिडिओ.

चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ साली बसवलेला २४ हालचालींचा संच घेतला. पहिल्या तीन हालचालींनाच मला महिना लागला. एक सांगतो, शिक्षक आपल्याकडे तोंड करून असला की डावं-उजवं उलटं होतं. पाठमोरा व्हिडिओ शोधा.

खरी अडचण पायांची. ड्रिलमध्ये पाऊल आणि वजन एकदमच पडतं. इथे आधी रिकामी टाच टेकवायची, मग वजन हळूहळू त्या पायावर न्यायचं. टेकवलेलं पाऊल तोल न जाता परत उचलता आलं, तर बरोबर. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकवा. माझा आत वळायचा, आठवडाभर दुखला. व्हिडिओला आपण दिसत नाही ना! आता आमची सौ. मोबाइलवर माझं शूटिंग करते आणि "गुडघा!" म्हणून ओरडते. अकादमीतला उस्तादही इतका ओरडला नव्हता.

सहा महिने झाले. मोजे उभ्यानेच घालतो. बाथरूममध्ये मात्र अजून भिंतीला हात लावतो.